नाशिकच्या आराखड्यात निसर्गासाठी जागा निवडायच्या कशा

रिंगरोड, सिंहस्थाचं भूसंपादन, एनएमआरडीएचे (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन, यातलं काहीही निघालं की आपले निसर्गवाले ग्रुप जागे होतात आणि दोन दिवसात एक यादी तयार होते. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, पांडवलेणी, झालंच तर गंगापूर धरणाचा काठ. यादीतल्या जागा चांगल्याच आहेत हो, पण ती आपल्या आवडत्या ट्रेकची यादी आहे, आणि तीच यादी कोणी टाऊन प्लॅनिंगच्या टेबलावर ठेवली तर समोरचा माणूस दोनच प्रश्न विचारतो, हीच का आणि नेमकी कुठून कुठपर्यंत. तिथं आपली बोलती बंद होते. म्हणून प्रादेशिक योजनेत निसर्गासाठी राखायला मागायच्या जागा निवडायची पद्धत लिहून ठेवतोय, तालुक्यापुरती असो नाहीतर अख्ख्या जिल्ह्याची.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. संरक्षण आपोआप मिळतं ते उंच, चढाच्या, नांगर न चालणाऱ्या जागेला, कारण तिच्यावर कोणाचा डोळा नसतो. हे फक्त आपल्याकडे नाही, जगभर असंच आहे. डोंगरमाथे वाचतात, आणि माळरान, नदीकाठ, धरणाच्या फुगवट्यातली गाळपेराची (पाणी ओसरल्यावर पेरतात ती) जमीन, ओढ्याकडेची झाडी हे सगळं एन.ए. (बिगरशेती) होऊन जातं. तर निवड करायची म्हणजे जे उरलंय त्याला हिरवा रंग द्यायचा नाही, जे अजून कुठंच राखलेलं नाही आणि सगळ्यात आधी जाणार आहे ते शोधायचं. पुढचं सगळं त्यासाठीच.

पहिलं काम, जागांची नावं बाजूला ठेवा आणि प्रकार लिहा. नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार चौ.किमीचा, १५ तालुके, आणि एका टोकाला इगतपुरीत तीन हजार मिमीच्या पुढे पाऊस तर दुसऱ्या टोकाला येवला-नांदगावात पाचशेच्या आसपास. एवढ्या फरकात निसर्ग एकसारखा असेलच कसा? पश्चिमेला घाटाचं जंगल, कातळाचे सडे (उघड्या खडकाचे सपाट माथे), गिधाडांचे कडे. पेठ-सुरगाण्याकडे पानझडी जंगल आणि देवराया. मधे गोदावरी, दारणा, कादवा, वालदेवी यांचे काठ, धरणांचे फुगवटे, दलदल. सातमाळा आणि सेलबारी-डोलबारीचे कोरडे डोंगर. पूर्वेला गवताळ माळ आणि बाभळी-बोरीचं झुडपी रान. आठ-दहा प्रकार निघतात आरामात. पाऊस, उंची, खडक आणि पाणी एवढ्या चारच गोष्टी लावून प्रकार पाडले तरी पुरतं, फार बारकाईत जाऊ नका, नाहीतर यादीच संपणार नाही.

मग या प्रकारांसमोर लिहा की आज काय काय आधीच राखलेलं आहे. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य, १९८६ पासूनचं, आणि रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची यादी) गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. बोरगड संवर्धन राखीव (अभयारण्यापेक्षा हलका शिक्का, पुढे येतं) २००८ चं, राज्यातलं पहिलं, पण क्षेत्रफळ बघा, साडेतीन चौ.किमी पण नाही. ममदापूर २०१४ चं, काळविटांसाठी, ५४ चौ.किमीच्या आसपास. अंजनेरी २०१७ चं, पावणेसहा चौ.किमीच्या आत. नंतर त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, मुरागड ही नावंही राखीवच्या यादीत आली. वनखात्याची बाकीची राखीव वनं वेगळी लिहा, कारण तिथं कायदा वेगळा आणि हेतू वेगळा, ‘फॉरेस्टची आहे म्हणजे वाचली’ असं धरून चालू नका.

आता हा तक्ता नुसता वाचला तरी कळतं. बोरगड, अंजनेरी, त्र्यंबक, इगतपुरी, डोंगराच्या बाजूला बऱ्यापैकी नावं आहेत. माळरानाच्या रकान्यात ममदापूर एकटं. पाणथळीत नांदूर मध्यमेश्वर एकटं. आणि वाहत्या नदीचा काठ, तिथं रकाना रिकामा. म्हणजे नवीन प्रस्तावात तुम्ही आणखी एक डोंगर टाकला तर भर काय पडली? डोंगर टाकू नका असं म्हणत नाहीये, पण रांगेत त्याचा नंबर मागे.

टक्केवारीचं काय ते पण सांगतो कारण हल्ली सगळे ३० टक्के ३० टक्के करतात. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला जो जागतिक करार झाला त्यात २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखायचं ठरलं, खरंय. पण तो आकडा जगासाठी आहे, आणि तो जिल्ह्याला एकगठ्ठा लावला तर काय होईल माहितीये, सगळा कोटा पश्चिमेच्या डोंगरावर भरून काढतील आणि पूर्वेचा माळ मोकळा. म्हणून लक्ष्य ठरवायचं ते प्रत्येक प्रकाराला वेगळं. जो प्रकार अजून भरपूर आहे त्याला कमी टक्का चालतो, जो आता तुकड्यांतच राहिलाय, जसं की कातळसडे किंवा जुन्या देवराया, त्याला जवळजवळ सगळंच मागा.

नकाशासाठी पैसे लागत नाहीत. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोच्या भुवन साइटवर सॅटेलाइटचे लेयर मिळतात, गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात (ओढा कुठं बुजवला ते तिथं लगेच दिसतं), आणि गट नंबरच्या हद्दी महाभूनकाशावर. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर, झाडं-फुलपाखरं आयनॅचरलिस्टवर. यात एक गोची आहे. नोंदी तिथंच जास्त असतात जिथं लोक कॅमेरा घेऊन जातात. नांदूर मध्यमेश्वरला दर रविवारी गर्दी, नांदगावच्या एखाद्या माळावर कोणी फिरकत नाही, मग नकाशावर तो माळ रिकामा दिसतो आणि रिकामा दिसला की कोणीतरी तिथं एमआयडीसी नाहीतर सोलर सुचवतो. नोंद नाही म्हणजे जीव नाही असं समजायचं नाही, तिथं आपण जाऊन नोंद करायची.

तुकडे कसे पाडायचे हा प्रश्न येतो. गावाची हद्द घेतली तर फार मोठी, त्यात शेत पण येतं, घरं पण येतात, देवराई पण येते. गट नंबर घेतला तर फार बारीक, हजारो होतात. मला छोटं पाणलोट हा तुकडा सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण पाणी, माती, झाडी सगळं त्याच्यात एकत्र चालतं, आणि भूजलवाल्यांकडे पाणलोटांचे नकाशे असतातच. विचार पाणलोटात करा, अर्ज गट नंबरात लिहा.

फिल्डवर जायचं ते त्या त्या सीझनला. सडे बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर, एप्रिलमध्ये गेलात तर नुसता काळा दगड दिसेल आणि तुम्हीच म्हणाल इथं काय ठेवलंय. अंजनेरीचं ते कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, जगाला २००६ मध्ये कळलं, आणि कळलं ते पावसाळ्यात कातळावर कोणीतरी गुडघे टेकून बघितलं म्हणून. नंतर अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेचा विषय निघाला तेव्हा विरोधाला जो आधार मिळाला तो असल्या नोंदींचाच. पाणथळ बघायची डिसेंबर-जानेवारीत. गिधाडांची घरटी पण हिवाळ्यातच, कड्यावर पांढरे ओघळ दिसतात लांबून. माळरानाला मात्र दोन चकरा हव्यात, एक पावसाळ्यानंतर गवत उभं असताना आणि एक उन्हाळ्यात, कारण लांडगा, खोकड, काळवीट पाण्यासाठी कुठून कुठं जातात ते उन्हाळ्यातच कळतं. आणि दुर्बीण नसली तरी चालेल पण धनगरवाड्यावर चहा प्या. लांडग्याची वाट त्यांच्याइतकी कोणाला माहीत नसते, कोकरू त्यांचं जातं ना.

गिधाडावरून एक मुद्दा राहू नये. कडा राखला म्हणजे गिधाड राखलं असं होत नाही. ते घरटं करतं अंजनेरीच्या कड्यावर आणि खायला जातं लांब लांब, जिथं मेलेली जनावरं उघड्यावर टाकतात तिथं. गुरांना डायक्लोफिनॅक दिलेलं असलं की ते मांस खाऊन गिधाडं मरतात म्हणून त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. हरसूलकडे खोरीपाड्याला गावकऱ्यांना घेऊन गिधाडांसाठी खाण्याची जागा केली गेली ती याच विचाराने. तर जागा निवडताना प्रत्येक महत्त्वाच्या प्राण्यासाठी विचारा, राहतो कुठे, खातो कुठे, पाणी कुठे, पिल्लं कुठे. चारही एका हद्दीत येतीलच असं नाही, पण माहीत असलं तर निदान मधला रस्ता मागता येतो.

यानंतर तलाठ्याकडचं काम, आणि निम्मे प्रस्ताव इथंच गळतात. प्रत्येक तुकड्याचा सातबारा काढा. वनविभाग, सरकारी, गायरान, देवस्थान इनाम, पाटबंधारे, खाजगी, कोणाची आहे ते लिहा. पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती ते बघा, कारण खाजगी शेतकऱ्याच्या सातबारावरचा पोटखराबा म्हणजे बऱ्याचदा तोच ओढ्याचा काठ, तोच खडकाळ तुकडा जो तुम्हाला हवाय, आणि त्याला तिथं पीक येत नसल्याने बोलणी सोपी जातात. माळरानांची अडचण वेगळीच, सरकारी वर्गीकरणात ती पडीक म्हणून बसलेली आहेत, त्यामुळे कुठलाही प्रकल्प आला की पहिलं बोट तिथं. आणि दुसरीकडून वृक्षारोपणवाले! चांगल्या गवताच्या माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावतात, फोटो काढतात आणि जातात. माळरान राखीव मागताना प्रस्तावात स्पष्ट लिहा की इथं झाडं लावायची नाहीत. हे वाक्य नसेल तर काळवीटाच्या नावाने जागा वाचेल आणि काळवीटच राहणार नाही, त्याला उघडा माळ लागतो.

आता खरी निवड. समजा सात तुकडे आहेत आणि त्यातले तीनच मागता येणार आहेत. बहुतेक जण काय करतात, प्रत्येकाला मार्क देतात, पक्षी किती, झाडं किती, प्राणी किती, आणि वरचे तीन उचलतात. वरचे तीन निघतात शेजारशेजारचे तीन डोंगर, तिन्हीवर तीच झाडं तेच पक्षी. सातही रेडर घेऊन कबड्डीची टीम होत नाही. त्याऐवजी असं करा, सगळ्यात चांगला एक उचला, मग त्याच्यात जे जे आलं ते यादीतून खोडा, आणि उरलेल्यातून बघा की बाकी राहिलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात जास्त कोण देतं. दुसरा डोंगर आता तळाला जातो कारण त्याचं सगळं खोडलं गेलंय, आणि मार्कांत पाचवा असलेला माळ वर येतो कारण काळवीट-लांडगा त्याच्याशिवाय कुठेच नाही. परत खोडा, परत बघा, बहुतेक तिसरा निघेल नदीकाठ. संवर्धनवाले याला पूरकता म्हणतात आणि मार्क्सॅनसारखं सॉफ्टवेअर हाच विचार हजारो तुकड्यांवर करतं, शिवाय किंमत पण धरतं. तालुक्याला सॉफ्टवेअरची गरज नाही, एक्सेलची शीट आणि चार समजूतदार माणसं बस.

खोडता खोडता एखादी गोष्ट अशी सापडते जी एकाच तुकड्यात आहे, दुसरा पर्यायच नाही. तो तुकडा वाटाघाटीत सोडायचा नाही. बाकीच्यांत अदलाबदल चालते, हा डोंगर नाही तर तो, आणि ही लवचिकता आधीच मोकळेपणाने सांगा, समोरच्या अधिकाऱ्यालाही काहीतरी सोडवून घ्यायचं असतं.

धोका मोजायला विसरू नका. दोन तुकडे सारखेच मोलाचे असले तर आधी तो मागा जो आधी जाणार. रस्त्यापासून अंतर, चढ, पाणी, शहरापासून अंतर, आणि शेजारी खाण आहे का एवढं बघितलं तरी अंदाज येतो. समृद्धी सिन्नर-इगतपुरीतून गेला, तिथल्या इंटरचेंजच्या आजूबाजूचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. १:५ पेक्षा जास्त चढावर बांधकामाला नियमानेच अडथळा आहे, म्हणजे कड्याला तसा थोडा आधार असतो, पायथ्याला काहीच नसतो, आणि प्लॉटिंगच्या पाट्या पायथ्यालाच लागतात. खाणीचं मात्र उलटं, तिला डोंगरच लागतो, सारूळ बाजूला जाऊन या एकदा. म्हणून धोका एकच आकडा नसतो, कशासाठी धोका ते लिहा.

नदीकाठाबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथं आपल्या हातात एक हुकमी पत्ता आहे. पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, जलसंपदा विभाग आखतो. निळ्याच्या आत बांधकाम नाही हे सरकारचंच म्हणणं. २००८ चा सप्टेंबर, २०१६ चा ऑगस्ट, २०१९ चा ऑगस्ट, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर नाशिककर पूर मोजतो, त्याला पूररेषा समजवावी लागत नाही. तर मागणी अशी मांडा की निळ्या रेषेच्या आतली जागा नुसती ‘ना-विकास’ म्हणून कोरी ठेवू नका, ती नदीकाठचं रान म्हणून राखा, उंबर, करंज, वाळुंज, जे मूळचं आहे ते, काँक्रीटचा घाट आणि लॉन नको. ना-विकास म्हणून कोरी सोडलेली जागा पाच वर्षांत पार्किंग होते. आणि हा पट्टा नुसता काठ नाही, तो वरच्या डोंगराला खालच्या पाणथळीशी जोडतो. सुटे तुकडे कितीही चांगले असले तरी छोट्या तुकड्यात जीव टिकायला अवघड, त्यामुळे गोल-मोठा तुकडा लांबट-चिरफाळलेल्यापेक्षा बरा, आणि दोन तुकड्यांमधे ओढा, पाट, बांधावरची झाडी असं काहीतरी जोडणारं हवं. बोरगडसारखी छोटी जागा आजूबाजूच्या वनजमिनीशी जोडून बघितली तरच तिला अर्थ आहे.

शिक्का कोणता मागायचा ते जमिनीच्या मालकीवर ठरतं. सरकारी जागा असेल तर संवर्धन राखीव, वन्यजीव कायद्याचं कलम ३६ अ, त्यात स्थानिकांशी बोलणं बंधनकारक आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा माणूस असतो. खाजगी किंवा गावाची जागा असेल आणि लोक स्वतःहून तयार असतील तर ३६ क खाली समुदाय राखीव. देवराई, सडा अशा छोट्या खास जागेला जैवविविधता कायद्यातलं कलम ३७, वारसा स्थळ, गडचिरोलीत आलापल्लीचं जंगल तसं झालेलं आहे. अभयारण्य हा सगळ्यात जड शिक्का, हक्कांची चौकशी, वर्षानुवर्षं, आणि गावं बिथरतात, तो उठसूट मागू नका. पेठ, सुरगाणा, कळवण भागात पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) लागू आहे आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचे दावे असतात, तिथं ग्रामसभेच्या आधी नकाशा काढून नेणं म्हणजे वाद ओढवून घेणं. आधी बसा, कुठे चराई, कुठे मोह, कुठे सरपण, कुठली जागा त्यांनीच पूर्वीपासून राखलीय ते विचारा. बऱ्याच वेळा तुमच्या यादीत नसलेली एक जागा तिथून मिळते.

निफाडकडे वेगळा सूर असतो, तिथं द्राक्ष, ऊस, कांदा, जमिनीचा भाव आभाळात, आणि बिबट्या उसात. तिथं राखीव म्हणलं की शेतकरी म्हणतो आधी माझं कुत्रं आणि वासरू राखा. बरोबर आहे त्याचं. अशा ठिकाणी शेतीची जमीन हद्दीत घेऊ नका, पाटबंधाऱ्याची गाळपेराची जमीन, सरकारी बेट, नदीपात्र एवढ्यावर भागवा आणि नुकसानभरपाईचा मुद्दा प्रस्तावातच लिहा.

आता अर्ज. प्रादेशिक योजना एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ खाली होते आणि त्यातल्या कलम १४ मध्ये जंगल, वन्यजीव, निसर्गसौंदर्याच्या जागा राखण्याची तरतूद आहे, तिचा उल्लेख करा. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांची मुदत जाहिरातीत असते, पण खरं काम त्याच्या आधी, सध्याच्या जमीनवापराचा नकाशा बनत असताना करायचं. त्या नकाशात ओढा ओढा म्हणून, माळ माळ म्हणून लागला तर पुढे भांडण कमी. प्रादेशिक नकाशाचं प्रमाण इतकं लहान असतं की दोन हेक्टरची देवराई त्यात ठिपका पण दिसत नाही, म्हणून छोट्या जागांची यादी गट नंबर, गाव, क्षेत्र यासकट वेगळं परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा. हद्द लिहिताना पट्टीने सरळ रेघ मारू नका, ओढा, धार, गाडीरस्ता असं जमिनीवर दिसणारं काहीतरी धरा, उद्या मोजणीवाला आला तर त्याला सापडलं पाहिजे. प्रत्येक जागेला एक पान पुरे, वर नकाशा, खाली गट नंबर आणि मालकी, कोणता प्रकार आणि तो अजून कुठे राखला गेलाय, धोका काय, कोणता शिक्का हवा, ग्रामसभेचा ठराव असेल तर त्याची प्रत. फोटोवर तारीख आणि जीपीएस असू द्या. सह्यांची मोहीम वगैरे नंतर, आणि एकाच मजकुराच्या हजार हरकती टाकण्यापेक्षा वेगवेगळ्या वीस जागांच्या वीस हरकती टाका, सुनावणीत प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

सुनावणीला मालक किंवा गावचा कोणीतरी सोबत न्या, एकटे शहरवाले गेले की चर्चा लवकर संपते. आणि अर्ज आवक-जावकला देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका, पुढे माहिती अधिकारात विचारायचं झालं तर तोच नंबर लागतो.